अडीच हातांवरून नेरूळ

तुमच्या कपाटात एखादी वस्तू 'आता चालत नाही' म्हणून पडून असेल, तर ती चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः चालवून पाहिलीत, की दुकानदार बोलला आणि तुम्ही मान हलवलीत?

मी जरा चिडून विचारते आहे, कारण मला भेटलेल्या प्रत्येक दुकानदाराने हेच सांगितलं होतं. वस्तू म्हणजे आमच्या अण्णांची लेन्स. जिंतूरला बसस्टँडच्या मागे अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसा लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो, संध्याकाळी पत्रकं. मोर्चाची, सभेची, जयंतीची, कुणाचं रेशनकार्ड अडवलं त्याची. आमच्या घरात 'क' कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं आणि घडी घालताघालता मी वाचायला शिकले. पुढे हातोहाती मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, फिल्मचा कॅमेरा आतून गंजला. लेन्स तेवढी अण्णांनी सुती फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मुठीत मावेल एवढी, पण हातात घेतली की वजन कळतं. सगळी धातूची. एक कडी फिरवली की आतलं छिद्र लहान-मोठं होतं आणि प्रत्येक आकड्याला टक् असा आवाज येतो. दुसरी कडी अंतराची, तीही हातानेच फिरवायची. काचेत एका कडेला बुरशीची बारीक नक्षी उमटली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

मी जुना डिजिटल कॅमेरा घेतला आणि पोस्टाने एक पातळ कडं मागवलं. त्याच्या एका बाजूला जुन्या लेन्सचे आटे बसतात, दुसरी बाजू नव्या कॅमेऱ्याच्या तोंडात बसते. लेन्स लावली, बटण दाबलं. कॅमेऱ्याने पडद्यावर लिहिलं, लेन्स जोडलेली नाही.

अण्णा शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, "दारात माणूस उभा हाय आन् खानेसुमारीवाला लिहून घ्यायलाय, घर बंद."

वरचं चाक 'एम'वर फिरवल्यावर कॅमेरा मुकाट्याने चालू लागला. एम म्हणजे मॅन्युअल. उजेड किती, छिद्र किती, अंतर किती, सगळं आपणच ठरवायचं, चुकलं तर आपलंच चुकलं. मी अण्णांचे फोटो काढले, त्यांच्या चष्म्याचे, ताटातल्या वरणाचे, आईच्या वेणीचे. एकेक फोटो असा आला की अण्णांनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

तेव्हाच ठरलं. नेरूळला शकूआत्या राहते. तिथले टॉवर आणि त्या टॉवरांच्या पायाशी अडकलेली जुनी गावं यांचे फोटो काढायचे आणि त्यावर एक जळजळीत पुस्तिका लिहायची. मी बॅग भरली.

सानपाडा

मराठवाड्यातून येणारी ट्रॅव्हल्स पहाटे सानपाड्याला पुलाजवळ सोडते. उतरल्या उतरल्या समोर हवं तेच चित्र होतं. डोंगराकडून उगवतीचा पिवळा उजेड, एकावर एक चढलेल्या इमारती, मध्येच ताडाची दोन झाडं. मी अंतराची कडी शेवटपर्यंत फिरवली. तिथे आडवा आठ कोरलेला असतो, म्हणजे अगदी लांबचं, अंत नसलेलं. बटण दाबलं. पडद्यावर ताकात कालवल्यासारखं काहीतरी आलं. पुन्हा काढला, पुन्हा ताक.

मला न्यायला आत्याची प्राजक्ता स्कूटर घेऊन आली होती. महाप्याला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. बघून म्हणाली, "काच पुसलीस का? आधारच्या अंगठ्याला आपल्याला पण हात पुसायला लावतात आधी, मग सांगतात सर्व्हर डाऊन आहे."

काच पुसली. फरक नाही. प्राजक्ताने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शोधून मला फोन केला. "टेन्शन नको घेऊ, पण तुझा मोठा पोपट झालाय. तुझ्या कॅमेऱ्यात ते कडं बसवलं की लेन्स जागेपेक्षा केसभर पुढे बसते. मग तिला लांबचं दिसतच नाही. जवळचं एकदम मस्त. चारेक फुटांच्या पुढे सगळं ढगात."

"आणि उपाय?"

"वेगळं कडं मिळतं, आत काच असलेलं. यायला दोन-तीन आठवडे. मोबाइलने काढ ना, यार."

घरी सगळे फोटो मी स्वयंपाकघरात बसून काढले होते. जवळचं दिसतं म्हटल्यावर लांबचं दिसणारच, असं मी गृहीत धरलं होतं. आता टॉवर, खाडी, गाव, सगळं त्या ढगात. चार फूट म्हणजे आमच्याकडच्या मोजणीत अडीच हात. अडीच हातांवरून शहराविरुद्ध पुस्तिका कशी लिहायची?

गेट

आत्याची इमारत म्हणजे स्नेहसागर सोसायटी. सारसोळे गावापासून चालत काही मिनिटांवर. गेटच्या डाव्या हाताला, पिंपळाच्या सावलीत, रोज सकाळी चांगुणाबाई बसतात. सारसोळ्याच्या कोळीण. गुडघे गेलेले, त्यामुळे एकदा बसल्या की टोपली रिकामी होईपर्यंत उठत नाहीत. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर निळं प्लास्टिक, त्यावर मासळी.

पहिल्या सकाळी मी कॅमेरा वर केला तसा त्यांनी हात आडवा धरला.

"अजून भवानी नाय झाली. पयला फोटू, मंग गिराईक? नको गो बाय. घे आन् मंग काढ."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पत्रकांवर वाढलेल्या माझ्या डोक्यात 'अंधश्रद्धा' हा शब्द तयारच होता. तो मी गिळला आणि म्हटलं, "अर्धा किलो कोळंबी द्या."

"किलो माझेकरं नाय. वाटा घे."

आमच्या जिंतूरला येलदरी धरणाची मासळी येते. ती बाई दारात तराजू घेऊन येते आणि दांडी कुठे झुकली यावर आईशी तिचं तोंडभर भांडण होतं. इथे तराजूच नाही. मासळीचे छोटे छोटे ढीग लावलेले, एकेक ढीग म्हणजे एक वाटा. नजरेने लावायचा, नजरेने घ्यायचा. घेणाऱ्याने "थोडी घाला की" म्हणायचं, विकणारीने "खाडीला सांग" म्हणत चार कोळंब्या वर टाकायच्या. मला हे तराजूपेक्षा आवडलं.

मी वाटा घेतला, चांगुणाबाईंनी नोट कपाळाला लावली, टोपलीला लावली. मग पदर सारखा केला आणि मान ताठ करून बसल्या. "काढ."

मी तिथून काढायला गेले तर ढग. पुढे सरकले. आणखी सरकले. शेवटी त्यांच्या पाटासमोर फतकल मारून बसले, तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या लख्ख दिसायला लागल्या. या लेन्सची गंमत अशी की अडीच हातांच्या आत कडी फिरवत बसण्यापेक्षा आपणच पुढेमागे झुलायचं. डोळा स्पष्ट दिसला की श्वास धरून दाबायचं.

"व्होरीत बसल्यासारखी काय डोलतंस?" चांगुणाबाई म्हणाल्या. व्होरी म्हणजे होडी. "घरी सांगून आलीस ना?"

त्या हसल्या तेवढ्यात मी दाबलं. मागचं गेट, गाड्या, वॉचमनची खुर्ची, सगळं विरघळून हिरवट-सोनेरी झालं होतं. मध्ये फक्त ती हसणारी बाई.

आत शिरताना सोसायटीच्या फळ्यावर नोटीस दिसली. रविवारी सभा. विषय, गेटवरील मासळीविक्री बंद करणे. खाली सेक्रेटरी मयेकर यांची सही.

आत्याचं घर

आत्या सरकारी कचेरीत क्लार्क होती, आता निवृत्त. तिने कोळंबी पाहूनच सांगितलं, "चांगुणाबाईची आहे."

"आत्या, खाली नोटीस आहे."

"माहीत आहे बाळा."

"मग तू रविवारी काय बोलणार?"

"मी कशाला जाऊ? मी कधीच जात नाही." ती कोळंबीचे पाय काढत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या मीटिंगला गेले होते मी. पाण्याच्या टाकीचा विषय होता. मी दोन वाक्यं बोलले. एकाने विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हटलं परभणीच्या. तो म्हणाला, ते नाही, मूळ मूळ कुठल्या. तेव्हापासून मी पाण्याच्या टाकीवर काही बोलत नाही."

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, नाव सांग त्या माणसाचं. आत्या म्हणाली, "तो विकून गेला कधीच. तू कांदा चिर."

चांगुणाबाईंच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. बाजारात बसायला ओटा लागतो आणि ओट्याला नंबर लागतो. शिवाय तिथवर टोपली घेऊन चालणं गुडघ्यांना झेपत नाही. घरातून गेटपर्यंत त्या येऊ शकतात, त्यापुढे नाही. गेट गेलं की धंदा संपला, हे त्यांनी मला मासळी साफ करताकरता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं.

दुपारी मी आत्याच्या डायनिंग टेबलावर बसून पत्रक लिहिलं. एका दमात. वरच्या मजल्यांचा ढोंगीपणा, खालच्या मजुरांचा घाम, असं काय काय. शेवट असा: 'या शहरात सारसोळ्याच्या कोळीण भगिनींचाही वाटा आहे. तो वाटा त्यांना मिळालाच पाहिजे!' कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर प्रती काढून आणल्या. आमच्या घरच्या सवयीने घड्याही घातल्या.

मग उलटं लिवलंस

दुसऱ्या दिवशी भवानी होईपर्यंत थांबले आणि चांगुणाबाईंना पत्रक वाचून दाखवलं. मयेकरकाकाही तेव्हाच खाली आले. मालवणकडचे, गोरेगोमटे, उजव्या हातात नवरत्नांची ठसठशीत अंगठी. फिरून आल्यावर पाटाजवळ थांबायची त्यांची सवय.

"मासे मला पण आवडतात हो," ते मला समजावत म्हणाले. "मी मालवणी माणूस. पण गेट म्हणजे सोसायटीचं तोंड. तोंडाशी हे बरं दिसत नाही. फ्लॅट बघायला आलेला माणूस वासानेच परत जातो."

"तोंडाशी नको तं मासली कुठं ठेवायची?" चांगुणाबाई म्हणाल्या. "कानात?"

मयेकर हसले. हसत हसत दोन वाटे घेतले आणि लिफ्टकडे गेले. रविवारबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

मग चांगुणाबाई माझ्याकडे वळल्या. "ते शेवटचा परत वाच."

मी वाचलं. वाटा आहे, मिळालाच पाहिजे.

"कोनाकरशी मांगतंस गो माझा वाटा?"

"सोसायटीकडून. शहराकडून."

"म्हंजे मयेकर मना वाटा देनार?"

"हो. म्हणजे, द्यायलाच लावू."

"आनि आता मयेकरला वाटा कोनी दिला?"

"तुम्ही."

"मंग उलटं लिवलंस पोरी." त्या हाताने पाटावरचे ढीग सारखे करत होत्या. "मी मांगाला नाय बसत. मांगणाऱ्याला आज देतील, उद्या नाय देनार. मी इकाला बसतंय. माझे सासूनी पन इथंच इकली, तवा तुमचा गेट नव्हता."

मी तिथेच पाटासमोर बसून राहिले. काल सकाळी याच पाटावरून मी वाटा घेतला होता आणि दुपारी टेबलावर बसून तोच शब्द कुठल्यातरी जुन्या पत्रकातला असल्यासारखा लिहून टाकला होता. आमच्या घरच्या पत्रकांत वाटा नेहमी मागायचा असतो. विकायचा वाटा आम्हाला माहीतच नव्हता.

"कागद चांगला हाय पन," चांगुणाबाई म्हणाल्या. "जाड हाय. ठेव इथं."

त्या दिवशी स्नेहसागरच्या अर्ध्या घरांत माझं पत्रक पोचलं, बोईट मासा गुंडाळून. आत्याने बेसिनपाशी मासा धुताना हाक मारली. "बाळा, तुझं 'मिळालाच पाहिजे' खवल्यांना चिकटलंय बघ. धुऊन टाकू का?"

सारसोळे

संध्याकाळी चांगुणाबाईंनी घरी बोलावलं. सोसायटीच्या मागच्या रस्त्याने वळलं की शहर एकदम बुटकं होतं. गल्ली दोन माणसांची, ओट्यावर पाण्याचे निळे पिंप, दोरीवर जाळं, देवळापाशी पोरांचं क्रिकेट. पुढे तिवरांची दाट हिरवी भिंत आणि ओहोटीने उघडा पडलेला चिखल. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, अर्धा मासा अर्धा बेडूक दिसणाऱ्या. लांब पाण्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग होती. माझ्या लेन्समधून ती रांग म्हणजे गुलाबी डाग. मी खांदे उडवले. खरं सांगायचं तर आता मला त्याचं फार वाईटही वाटत नव्हतं.

घरात चांगुणाबाईंचे यजमान धर्माभाऊ जाळं विणत बसले होते. मी त्यांच्याजवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. छिद्र लहान केलं की या लेन्समध्ये कॅमेऱ्याच्या खिडकीतलं चित्रही काळोखं होतं, म्हणून आधी छिद्र पूर्ण उघडून डोळ्यांवर जुळवायचं, मग टक् टक् करत दोन आकडे मागे यायचं. त्या आवाजाला धर्माभाऊंनी वर पाहिलं.

"माझे लग्नातला फोटूवाला असाच आवाज करायचा," ते म्हणाले.

"लग्नातला फोटू कुठं हाय तुमचा?" चांगुणाबाई आतून ओरडल्या. "माझा एकलीचाच आला. तुमी हलला."

"मी नाय हाललो. तो हालला."

जेवायला निवट्यांचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे माशाला काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट लागतं, म्हणजे मासा हा मटणाचा गरीब भाऊ असल्यासारखा आम्ही त्याला सजवतो. इथे चिंच, लसूण, मिरची आणि खाडी. पहिला घास घेतल्यावर मला खूप ठसका लागला. चांगुणाबाईंनी पाठीवर हात फिरवला. तो हात खडबडीत आणि थंडगार होता, दिवसभर बर्फात राहिल्यासारखा.

तो हात मी पुढे बराच वेळ पाहत राहिले. बांगड्यांच्या फटीत अडकलेला एक खवला दिव्याच्या उजेडात चमकत होता. मी दोन्ही कोपर जमिनीला टेकून तो फोटो काढला. काचेतली बुरशी उजेड थोडा पसरवते, त्यामुळे त्या खवल्याभोवती धुरकट वलय आलं. नव्या लेन्सने तो खवला खवल्यासारखाच दिसला असता. मला ते वलयच हवं होतं.

तिथे बसल्या बसल्या मला सुचलं. पाटाच्या अलीकडे मी बसले, तर अडीच हातांत काय काय येतं? चांगुणाबाईंचा हात येतो. मासळीचा वाटा येतो. आणि घेणाऱ्याचा हात येतो.

हात

शनिवारी सकाळी भवानी झाल्यावर मी पाटाजवळ बसले. लपवून काढलेला फोटो मला चालत नाही, ते माझं तत्त्व आहे. त्यामुळे प्रत्येकाला विचारलं, उद्याच्या सभेत लावणार आहे हेही सांगितलं. चेहरा नाही, फक्त हात.

काहींनी नको म्हटलं, बहुतेकांनी हसून हात पुढे केला. बोटाने वाटा दाखवणारे हात, "हा नको, तो" म्हणणारे हात. एका हाताला ऑफिसच्या ओळखपत्राची निळी दोरी गुंडाळलेली. एका हातावर कालच्या हळदीकुंकवाची हळद. एक हात होता तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या कडक शाकाहारी, मासळीकडे बघतही नाहीत, मान वळवूनच उभ्या राहतात. रोज खाली येऊन चांगुणाबाईंना थंड पाण्याची बाटली देतात. मान वळवलेली आणि हात पुढे, तसाच काढला.

मयेकरकाका आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं.

"हात काढ गो," ते म्हणाले. "हात कोणाचा ते कोणाला कळणार आहे?"

त्यांची अंगठी उन्हात अशी चमकली की मला छिद्र एक आकडा मागे घ्यावं लागलं.

सगळ्यात शेवटी आत्या आली. तिने नेहमीचा वाटा दाखवला. तिच्या बोटावर अजून शाईचा जुना डाग आहे, कचेरीतला, निघता निघत नाही म्हणते. चांगुणाबाईंनी वाट्यावर चार कोळंब्या जास्त टाकल्या. दोघींचे हात क्षणभर एकमेकींना लागले. फोटो थोडा हलला, पण मी तोच ठेवला.

प्राजक्ताने मोठ्या कागदावर सगळे फोटो ओळीने छापून आणले. "खाली काय लिहायचं?" तिने विचारलं. "तुझं 'मिळालाच पाहिजे'?"

"काही नाही लिहायचं."

"तू बरी आहेस ना?"

सभा

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. खुर्च्या खूप, माणसं थोडी. आमच्याकडे गावात कुणाला उठवायचं तर सगळं गाव भांडायला जमतं. इथे एका बाईचं पोट ठरायचं होतं आणि बहुतेक घरं वर टीव्ही पाहत होती. मी पाहुणी, मला बोलायचा हक्क नव्हता. कागद खांबाला चिकटवला आणि मागे उभी राहिले.

लोक आधी लांबून पाहत होते. लांबून काहीच कळत नव्हतं, म्हणून जवळ आले. मग नाक लागेल इतके जवळ.

"अरे, हा माझा. घड्याळ बघ."

"काकू, ही तुमची बाटली ना?"

"आणि ही अंगठी कोणाची, सांगायला पाहिजे का?"

पार्किंगभर हशा झाला. मयेकरांनी हात खिशात घातला, मग स्वतःच हसले आणि बाहेर काढला. तरी विषय त्यांनी वाचलाच. वास, पाणी, फ्लॅटचे दर, सगळं व्यवस्थित मांडलं. खोटं त्यात काही नव्हतं. एका बाईंना गरोदरपणात तो वास खरोखर सहन होत नव्हता, त्यांनीही ते सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. पारडं कुठे झुकतंय ते मला कळेना.

"आणखी कुणाला बोलायचंय?"

आत्या माझ्या शेजारीच होती. ती खाली आली होती हेच मला पुष्कळ होतं. ती खांबापाशी गेली आणि शेवटच्या फोटोशेजारी तिने स्वतःचा हात टेकवला.

"हा हात माझा आहे. हा हललेला." तिचा आवाज बारीक होता, मयेकरांना पुढे वाकावं लागलं. "मी बऱ्याच वर्षांनी बोलते आहे, तर चुकलं तर सांभाळून घ्या. मी या बाईंकडून वाटा घेते. त्या मागायला बसत नाहीत, विकायला बसतात. मी घेणारी आहे, आणि मला त्या गेटवर हव्या आहेत. पाट पिंपळाच्या पलीकडे सरकवू, वास वाऱ्याने रस्त्याकडे जाईल. फुटपाथ धुवायला पाणी माझ्या घरून देईन. एवढंच."

ती येऊन बसली. तिचा एक हात मी धरला, दुसरा प्राजक्ताने धरला.

ठरलं ते असं. पाट पिंपळाच्या पलीकडे, दुपारपर्यंत, रोज फुटपाथ धुवायचा. आणि हे वार्षिक सभेपर्यंतच. कायमचा निर्णय तेव्हा, सगळ्या सभासदांचा. मयेकर कागद मिटताना म्हणाले, "आज लोक नाहीत. नंतर कोणी म्हणायला नको."

सोमवारी मी निघण्याआधी चांगुणाबाईंना सगळं सांगितलं. पाट नव्या जागी लागला होता. त्यांनी ऐकलं, वार्षिक सभा कधी ते विचारलं, आत्याकडून आलेल्या बादलीतलं पाणी हात बुडवून पाहिलं.

"बरा झाला," म्हणाल्या. "पन तो कागद दावला मना प्राजूनी. सगले हातच हात. माझा थोबाड कुठं हाय?"

मी त्यांना तो हसण्याचा फोटो दिला, पहिल्या दिवशीचा. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग पदराने पुसून टोपलीत, मासळीपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवला.

आत काच असलेलं कडं आता जिंतूरला येऊन पडलं आहे. मी ते अजून बसवलेलं नाही.

स्नेहसागरची वार्षिक सभा अजून व्हायची आहे. तिथे किती खुर्च्या भरतील ते माझ्या हातात नाही. पण ज्या दिवशी तुम्ही हे वाचाल, त्या दिवशी तुमच्याही सोसायटीच्या फळ्यावर एखादी नोटीस लागलेली असेल. भाजीवाली, इस्त्रीवाला, चहाची गाडी, असा काहीतरी विषय, आणि खाली एक वार. तो वार लक्षात ठेवा. टीव्ही बंद करा, खाली या, एक खुर्ची अडवा, आणि तुम्ही त्या माणसाकडून काय घेता ते उभं राहून सांगा. आवाज बारीक असला तरी चालेल.